दारातला बांध आणि मोरीतले पाणी



शनिवार पेठेतल्या विद्यार्थी-खोलीसाठी 'पुराची नळी' घ्यायची आहे, असे आम्ही मागच्या अंकात कळवले होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी हात पुढे केला आणि एप्रिलमध्ये नळी आली. तेव्हापासून मला रोज एक तरी फोन येतो. "ताई, ती हवेने फुगवायची की पाण्याने?" "पूर आला तर ती वाहून जाणार नाही का?" एका मंडळीच्या खजिनदारांनी तर सरळच विचारले, "एवढ्या पैशांत वाळूची पोती किती आली असती?" प्रश्न रास्त आहेत. पैसे तुमचे आहेत आणि त्या खोलीत राहणारी मुले आपल्या सर्वांची आहेत. म्हणून या अंकात नेहमीचा पाड्यांवरचा वृत्तांत बाजूला ठेवून या नळीविषयी लिहिते. ती काय करू शकते हे सांगेनच, पण काय करू शकत नाही हे जास्त सांगणार आहे.

ज्यांनी खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे. ओंकारेश्वराच्या बाजूने नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत एक जुनी इमारत आहे. फाटकातून लहानसे अंगण लागते आणि अंगणातून पाच पायऱ्या उतरल्या की आमची खोली. कागदोपत्री तिला तळमजला म्हणतात, पण खिडकीतून दिसतात ती अंगणात चालणाऱ्यांची पावले. अकोले, पेठ, जव्हार, धडगाव अशा ठिकाणांहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुले इथे असतात. पुण्यात यायचे तर या मुलांना पेठांतच राहावे लागते, कारण क्लास, अभ्यासिका, पुस्तकांची दुकाने, स्वस्त खानावळी सगळे इथेच चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि पेठांत भाडे परवडते ते अशाच अर्ध्या जमिनीत गेलेल्या खोल्यांचे. दिवसा अभ्यासिका, रात्री सतरंज्या टाकून झोपण्याची जागा, अशी आमची व्यवस्था होती.

२५ जुलै २०२४ ची पहाट पुणेकरांच्या लक्षात आहे. घाटात आणि शहरात रात्रभर कोसळत होते आणि खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी वाढत वाढत ३५,००० क्युसेकपर्यंत गेले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. तेव्हा ३५,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर पाणी. शंभर टँकर एकाच क्षणी ओतावेत तसे. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांचे तळमजले बुडाले. आमच्या समोरच्या काठावर, डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत, हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ जुलैला, दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचे पाणी घुसले आणि परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. ती बातमी वाचताना मला आमच्या पाच पायऱ्या दिसत होत्या.

कारण २५ तारखेला आमच्याही खोलीत पाणी आले होते. आणि ते कसे आले, हे या साऱ्या लेखातले महत्त्वाचे आहे. नदी आमच्या गल्लीत आलीच नव्हती. गल्ली पावसाने ओली होती, एवढेच. पाणी आले ते मोरीतून. एका मुलाला पाठीखाली गार लागले म्हणून तो उठला, तर मोरीच्या जाळीतून काळे पाणी बुडबुडत वर येत होते. अर्ध्या तासात ते गुडघ्याखाली पोहोचले. मुले बाहेर पडली, कुणाला काही झाले नाही, देवाची कृपा. पण खालच्या फळीवर धडगावच्या एका मुलाची फाइल होती. तिच्यात जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका असे सगळे होते. शाई पसरली, शिक्के पुसले गेले. शहरातल्या माणसाला कागद म्हणजे कागद वाटतो. या मुलाच्या वडिलांनी वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधण्यापासून सुरुवात केली होती. दुसरी प्रत मिळवायला चार महिने हेलपाटे झाले आणि तोवर एका भरतीची मुदत उलटून गेली. आमच्या पुराची किंमत ही आहे, आणि ती मी दारातल्या नळीआधी सांगते आहे, कारण त्या रात्री दारात कितीही उत्तम बांध असता तरी काही फरक पडला नसता.

आता नळीकडे.

पुराच्या वेळी तात्पुरता बांध घालायचा म्हटले की आपल्याकडे वाळूची पोतीच आठवतात. त्यांना नावे ठेवू नका. १९६१ साली पानशेतचे मातीचे धरण खचू लागले तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्री तिथे पोतीच रचली होती. धरण वाचले नाही. १२ जुलैच्या सकाळी ते फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पण त्या पोत्यांनी फुटण्याची वेळ रात्रीची सकाळवर ढकलली असे मानतात. अंधारात, झोपेत पाणी आले असते तर किती माणसे गेली असती, याचा विचार करवत नाही. तात्पुरत्या बांधाकडून मागायचे ते एवढेच, काही तास.

पोत्यांचा त्रास असा की ती रचायला माणसे आणि वेळ लागतो. पोते अर्ध्यापेक्षा थोडे जास्तच भरायचे, गच्च भरायचे नाही. गच्च भरलेले पोते दगडासारखे होते, शेजारच्याला चिकटत नाही आणि फटीतून पाणी येते. विटांसारखी सांधे मोडून रचायची. बांधाचा पाया उंचीच्या तिप्पट रुंद ठेवायचा, पाण्याच्या बाजूला जाड प्लास्टिक अंथरायचे. हे नीट केले तर दहा मीटर लांब आणि दोन फूट उंच बांधाला पाचशेहून जास्त पोती लागतात. आमच्या गल्लीत दुचाकी आडवी लावली तरी भांडण होते. तिथे वाळूचा ट्रक कुठे उभा करणार? पूर ओसरल्यावर ती पोती गटाराच्या घाणीने भिजलेली असतात, ती उचलायची कुणी आणि टाकायची कुठे, हा पुन्हा वेगळा प्रश्न. खजिनदारसाहेब, तुमचे उत्तर हे.

फुगवण्याच्या नळीत वाळूचे काम पाणी करते. ट्रकवर घालतात तसल्या जाड पीव्हीसी कापडाची ही लांब पिशवी आहे. रिकामी असताना गुंडाळी करून दोन मुले उचलतात. आमची दहा मीटर लांब आहे. आत दीड फूट व्यासाच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी, आणि दोन्हींवर मिळून एक बाहेरचा अभ्रा. पूर्ण भरली की प्रत्येक मीटरला सुमारे ३२० लिटर, म्हणजे तेवढेच किलो. सगळी मिळून ३,२०० किलोचा बांध दारात येऊन बसतो आणि काम झाले की नळ सोडून पुन्हा गुंडाळी होते.

दोन नळ्या कशाला? कारण एकटी गोल नळी पाण्याच्या रेट्याने लाटण्यासारखी घरंगळते. दोन नळ्या एका अभ्र्यात घट्ट बसवल्या की एक फिरू पाहते तेव्हा दुसरी तिला घासून अडवते. मुलांना हे पटेना, तेव्हा मी दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधून टेबलावर ढकलून दाखवल्या. एकटी पेन्सिल पळते, जोडी अडून बसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. हवेने फुगवली तर नळीला वजनच राहात नाही, पाणी आले की ती होडी होते. हवेने फुगवायचे बांधही असतात, स्वीडनमध्ये तसे बनवतात. पण त्यांना पुराच्या बाजूला जमिनीवर पसरणारा एक रुंद पदर असतो. त्या पदरावर पुराचेच पाणी चढते आणि त्याचे वजन बांधाला खाली दाबून धरते. युक्ती सुंदर आहे, पण पदर पसरायला मोकळी सपाट जागा हवी. ती आमच्याकडे नाही. (गयेच्या फल्गू नदीवर २०२२ साली बांधलेले रबरी धरण वेगळे, ते नदीत कायमचे बसवलेले असते. त्याचा आणि आमच्या गुंडाळीचा संबंध चुलत घराण्यातला.)

आता वाहून जाण्याचा प्रश्न. पाण्याचा आडवा रेटा ते किती दूरवर पसरले आहे यावर ठरत नाही, किती खोल आहे यावर ठरतो. बांधाच्या एक मीटर लांबीवर, एक फूट खोल पाण्याचा रेटा सुमारे ४५ किलो असतो. दोन फूट पाणी झाले की तो दुप्पट होईल असे वाटते. होतो चौपट, सुमारे १८५ किलो. तीन फुटांना ४०० किलोच्या वर. म्हणून "अजून थोडेच तर चढले आहे" हे वाक्य पुरात सर्वांत धोक्याचे. त्यात आणखी एक गोष्ट. बाहेरचे पाणी चढते तसे ते नळीखाली शिरून तिला उचलू पाहते. आतली आणि बाहेरची पातळी सारखी होत आली की नळीचे वजन असून नसल्यासारखे. म्हणून नियम असा की उंचीच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच पाणी येऊ द्यायचे. आमची नळी भरल्यावर जेमतेम दीड फूट उंच राहते. म्हणजे तिच्या भरवशावर एक फूट पाणी, त्यावर नाही. अभ्र्यावर एक फुटाच्या उंचीला मुलांनी लाल रंगाची रेघ ओढली आहे. पाणी रेघेला टेकले की नळीकडे पाठ करून निघायचे.

एक फूट ऐकून काहींची निराशा होईल. मला आधी तसेच वाटले होते. पण जास्त उंच बांध हवाच कशाला, हे शेजारच्या वाड्यातल्या आजींनी मला समजावले. आजी ६१ च्या पुरात कळत्या वयाच्या होत्या. आमची नळी पाहायला त्या काठी टेकत आल्या, दोनदा ती काठीने टोचून पाहिली (माझा जीव खालीवर) आणि म्हणाल्या, "अगं, दार अडवशील, पण भिंत? आमची भिंत मातीची. पाणी बाहेर नि आत कोरडं ठेवलं तर भिंत आत नाही का यायची?" बरोबर आहे. विटांच्या चांगल्या भिंतीलाही बाहेर दोन फुटांपेक्षा जास्त पाणी आणि आत कोरडे, हा भार देऊ नये असे जाणकार सांगतात. जुन्या वाड्यांच्या लाकडी सांगाड्यात मातीच्या विटा भरलेल्या असतात. त्यांच्यासाठी एक फूटही जास्त. अशा घरात सामान आणि माणसे वर न्यावीत आणि पाण्याला येऊन जाऊ द्यावे. आमच्या खोलीच्या भिंती दगडाच्या आणि सिमेंटने दर्जा भरलेल्या आहेत, हे इंजिनिअर बंधूंकडून तपासून घेतल्यावरच आम्ही नळी मागवली.

मे महिन्यात पहिली चाचणी घेतली. ती फसली, आणि ते लपवण्यासारखे नाही.

अंगण सपाट आहे असे आम्ही समजून चाललो होतो. डोळ्यांना ते सपाटच दिसते. नळी फाटकापासून पायरीपर्यंत सरळ लांब टाकली, नळाला पाइप जोडला आणि प्रार्थना करून तोटी सोडली. तासाभराने पाहतो तर पायरीकडचे टोक डुकरासारखे फुगलेले आणि फाटकाकडचे अजून चपटे. पाणी आपली पातळी शोधते, आपल्याला हवी तशी उंची देत नाही. उतार होता चार-पाच इंचांचाच, पण दीड फुटांच्या बांधातले चार इंच म्हणजे फार. नळी उताराच्या आडवी टाकायची असते, उताराच्या दिशेने लांब नव्हे. दुसऱ्या चाचणीत तशी वळवली, फाटकाच्या आत चंद्रकोरीसारखी, आणि उंची सारखी आली.

वेळेचा हिशेबही तेव्हाच कळला. साध्या नळाला बागेचा पाइप लावला तर मिनिटाला वीसेक लिटर पाणी मिळते. ३,२०० लिटरला पावणेतीन तास लागले. पूर आल्यावर पावणेतीन तास कुणाकडे असतात? आणि तेव्हा वीज बंद केलेली असते, म्हणजे मोटर नाही, टाकीत पाणी असेल तेवढेच. म्हणून आता असे ठरवले आहे की नदीकाठी सावधानतेचा इशारा आला आणि भिडे पूल वाहतुकीला बंद झाला, की गच्चीवरच्या टाकीतून मोठ्या पाइपने नळी भरायला घ्यायची. पूर नाही आला तर पाणी झाडांना आणि अंगण धुवायला. नोहाने पाऊस सुरू झाल्यावर तारू बांधायला घेतले नव्हते, असे आमचे पाळकसाहेब चाचणीच्या वेळी म्हणाले. त्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, त्याला भाडेकरार नव्हता." सगळे हसले. पाळकसाहेबही.

जमिनीविषयी दोन गोष्टी. नळी टाकण्याआधी जागा झाडून खिळे, काचा, खडी उचलायची आणि खाली गोणपाट किंवा जुनी ताडपत्री घालायची. हे मी जरा जास्तच ठासून सांगते, कारण या बांधाचा शत्रू पाणी नाही, टोक आहे. २०११ साली अमेरिकेत मिसुरी नदीला मोठा पूर आला होता. नेब्रास्का राज्यातल्या फोर्ट कॅलहून अणुवीज केंद्राभोवती पाण्याने भरलेला असाच बांध घातला होता, आठ फूट उंच आणि सुमारे सहाशे मीटर लांब. २६ जूनला तिथे काम करणाऱ्या एका यंत्राचा धक्का लागून तो फाटला आणि बघता बघता बसला. अणुभट्टी आधीच बंद होती आणि आतली आणखी संरक्षणे होती, म्हणून निभावले. एवढ्या मोठ्या केंद्राचा बांध एका धक्क्याने बसतो तर आमच्या अंगणात सायकलचे स्टँड पुरेसे आहे. नळी भरलेली असताना अंगणात सायकल आणायची नाही, हा नियम त्यातूनच आला. (आजींची काठीसुद्धा नाही, पण ते त्यांना सांगण्याची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.)

दुसरी गोष्ट, दोन्ही टोके. मधला भाग पाणी अडवतो, पण गळती होते ती भिंतीला टेकणाऱ्या टोकांशी. तिथे जाड प्लास्टिक भिंतीवर चढवून त्यावर वाळूची पोती दाबावी लागतात. म्हणजे पोती सुटली नाहीतच. पाचशेच्या जागी वीस लागली, एवढेच. तरीही थोडे पाणी झिरपतेच. फरशीच्या ब्लॉकखालून येते. ते बादल्यांनी किंवा हातपंपाने उपसायचे. कोरडे ठेवणारा बांध नसतोच, उपसण्याइतके कमी पाणी आत येऊ देणारा असतो.

इथे शेजाऱ्यांचा विषय निघाला. पहिल्या चाचणीच्या वेळी शेजारचे रद्दीवाले काका बराच वेळ हाताची घडी घालून पाहात होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं येणारं पाणी माझ्याकडं वळणार. माझी रद्दी काय पोहणार का?" मला आधी राग आला. मग लाज वाटली. त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्या एका फाटकाने नदीची पातळी वाढत नाही, पण गल्लीतून वाहात येणारे पाणी कुठेतरी वळणारच, आणि उपसलेले पाणी आम्ही त्यांच्याच पायरीशी ओतणार होतो. चर्चा झाली, चहा झाला. फाटकाला तीनच मीटर लागतात आणि नळी दहा मीटरची आहे. म्हणून आता चंद्रकोर वाढवून त्यांच्या दुकानाच्या पायरीपर्यंत नेली आहे. त्यांच्या बाजूच्या टोकाची पोती त्यांनी स्वतः भरून दिली, आणि उपसलेले पाणी दोघांच्याही पलीकडे खालच्या अंगाला सोडायचे ठरले. तुमच्या देणगीचा एक भाग रद्दीच्या दुकानाच्या संरक्षणाला गेला, हे मी मोकळेपणाने सांगते. त्याच दुकानातून आमची मुले जुनी मार्गदर्शक पुस्तके किलोवर घेतात.

आता पुन्हा मोरीकडे. नळी आल्याच्या आनंदात मी हे जवळजवळ विसरले होते. आजींनीच आठवण करून दिली: "पाणी खालनंच येतं गं पहिलं." नदीची पातळी चढली की तिच्यात उघडणारी गटारे तुंबतात आणि पाणी उलटे फिरते. ज्याची मोरी सर्वांत खाली त्याच्याकडे ते आधी निघते. पाच पायऱ्या खाली असलेल्या आमच्या मोरीइतकी खाली गल्लीत दुसरी मोरी नाही. दारात बांध घालून मोरी उघडी ठेवणे म्हणजे होडीच्या कडा उंच करून बुडाला भोक ठेवणे.

यावर उपाय स्वस्त आहे आणि दिसायला अगदीच नीरस. प्लंबरला बोलावून बाहेरच्या चेंबरजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घेतला. पाणी बाहेर जाताना त्याची झडप उघडते, उलटे आले की आपोआप मिटते. झडपेत केस, कापडाची चिंधी किंवा शाम्पूची पुडी अडकली तर ती मिटत नाही. म्हणून महिन्यातून एकदा चेंबर उघडून ती साफ करायची पाळी लावली आहे. शिवाय मोरीच्या जाळीवर आणि शौचालयाच्या भांड्यात ठेवायला प्लास्टिकमध्ये बांधलेली वाळूची दोन पोती तयार आहेत. झडप मिटली असताना आतले पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा त्या वेळी मोरी वापरायची नाही, हेही मुलांना सांगावे लागले. नळीचा फोटो मागणारे पुष्कळ आहेत. चेंबरमधल्या झडपेचा फोटो अजून कुणी मागितलेला नाही, पण माझ्या मते तुमच्या पैशांतले सर्वांत चांगले कामी लागलेले ते आहेत.

विजेचे काम त्याच आठवड्यात केले. खोलीतले सगळे बोर्ड कमरेच्या वर घेतले आणि मेन स्विच पहिल्या मजल्याच्या जिन्यात हलवला. पाण्यात उतरून मेन बंद करायला जायचे नाही. आधी मेन, मग पोती. पुलाच्या वाडीतली ती तीन मुले आमच्या मुलांच्याच वयाची होती.

आणि आता सर्वांत अवघड गोष्ट. नळी आली, झडप बसली, तेव्हा मुलांनी विचारले, "ताई, आता पावसाळ्यात खाली झोपायला हरकत नाही ना?" प्रश्न ऐकून मी घाबरले. बांध असला की माणूस बांधाच्या आत थांबतो. नळी फाटली तर अंगणातले सगळे पाणी एकदम पाच पायऱ्यांवरून खाली येईल, आणि बाहेर पडण्याची वाटही त्याच पायऱ्यांवरून आहे. हळूहळू चढणाऱ्या पुरापेक्षा हे वाईट. म्हणून कार्यकारिणीने ठरवले की १५ जून ते ३० सप्टेंबर खोलीत कुणीही झोपायचे नाही. मंडळीतल्या तीन कुटुंबांनी आणि वरच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने रात्रीपुरती जागा दिली आहे. दिवसा अभ्यासाला खाली बसायला हरकत नाही, पण इशारा आला की तेही बंद. मग नळी कुणासाठी, असे तुम्ही विचाराल. पुस्तकांची कपाटे, गाद्या, टेबले आणि खोली लवकर पुन्हा वापरात येणे यासाठी. मुलांसाठी नळी नाही, मुलांसाठी जिना आहे. हे वाक्य मी आवाहनाच्या वेळीच लिहायला हवे होते. तेव्हा मला स्वतःलाच ते उमगले नव्हते.

यंदा पाऊस मेमध्येच आला आणि आमची तिसरी चाचणी भर पावसात झाली. इशाऱ्यापासून मेन बंद, मोरीवर पोती, कागदांच्या पिशव्या वर, मग नळी, असा क्रम होता. मोठ्या पाइपने नळी भरायला पन्नास मिनिटे लागली. कागदांची पिशवी प्रत्येकाने दाराच्या वरच्या खुंटीला टांगली आहे, जलरोधक, नाव लिहिलेली. धडगावच्या मुलाची पहिल्या खुंटीला आहे. सर्व दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा मेलवर ठेवून घेतल्या. ज्या पालकांकडे मूळ कागद ठेवणे शक्य आहे त्यांनी ते गावीच ठेवावेत, असेही कळवले आहे. नळी धुऊन, पूर्ण वाळवून जिन्याखाली हुकाला टांगली आहे, जमिनीवर नाही, कारण पेठेतल्या उंदरांना पीव्हीसी वर्ज्य नाही.

पुढची चाचणी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर दुपारी तीनला. ज्यांना पाहायची आहे त्यांनी जरूर यावे, फक्त सायकल गल्लीच्या तोंडाशी लावावी. येताना जमल्यास चार्जिंगची एक विजेरी आणावी. आमच्याकडे दोन आहेत, त्यांपैकी एक मिणमिणते.